भाषेची अडचण आणि मुलांचे सवंगडी

उशिरा बोलू लागणाऱ्या मुलांविषयी या सदरात लिहिल्यानंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांना मुलाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या वागण्याची काळजी अधिक होती. मूल मिसळत नाही, मारते, गप्प राहते, भलत्या वेळी हसते, अशा तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी पुष्कळदा एकच गोष्ट असते. इतरांत वावरण्यासाठी जेवढी भाषा लागते आणि ज्या वेगाने लागते, तेवढी त्या मुलाजवळ नसते. पाच पत्रे निवडली असून ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. तो उशिरा बोलू लागला. आता बोलतो, परंतु वाक्ये तुटक असतात आणि घडलेली गोष्ट त्याला सलग सांगता येत नाही. आमच्या सोसायटीत संध्याकाळी मुले डबा ऐसपैस किंवा क्रिकेट खेळतात. हा बराच वेळ कडेला उभा राहून पाहतो आणि मग एकदम मध्ये घुसून डबा लाथाडतो किंवा चेंडू घेऊन पळतो. मारामाऱ्या होतात आणि तक्रारी घरी येतात. चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर मात्र तो छान खेळतो, आणि वॉचमनकाकांशी तर त्याची गट्टी आहे. सासूबाईंच्या मते तो लाडाने शेफारला आहे. त्याला शिस्त लावावी की स्पीच थेरपी सुरू करावी? — एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : आपले वर्णन इतके नेमके आहे की निम्मे उत्तर त्यातच आले आहे. जे मूल लहानग्यांशी आणि मोठ्या माणसांशी नीट वागते, पण आपल्या वयाच्या मुलांत गेले की बिघडते, त्याच्या स्वभावात खोट शोधण्याआधी त्याची भाषा तपासावी. लहानग्यांच्या खेळाला भाषा कमी लागते; वॉचमनकाका त्याच्या तुटक वाक्यात राहिलेले शब्द स्वतः भरून घेतात, थांबतात, पुन्हा विचारतात. बरोबरीची मुले यातले काहीच करत नाहीत, आणि त्यांनी ते करावे अशी अपेक्षाही योग्य नाही. अमेरिकेत मेबल राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये बालवाडीतील मुलांचे निरीक्षण करून नेमके हेच नोंदवले होते. भाषेत मागे असलेली मुले बोलणे सुरू करण्यासाठी मोठ्या माणसांकडे अधिक वळत होती, आणि इतर मुले त्यांच्याकडे दुर्लक्ष करत होती.

श्रवणदोष, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा बौद्धिक अक्षमता यांसारखे कारण नसतानाही भाषा समजणे किंवा वापरणे दीर्घकाळ अवघड जाते, त्या स्थितीला आज डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे विकासात्मक भाषा विकार, म्हणतात. पूर्वी यासाठी अनेक नावे वापरली जात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजीभाषक देशांतील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये या एका नावावर एकमत केले. आपल्या मुलाला हा विकार आहे असे मी केवळ पत्रावरून म्हणणार नाही. त्यासाठी तपासणी करावी लागेल. परंतु सातव्या वर्षीही गोष्ट सलग सांगता येत नसेल, तर ती तपासणी आता लांबवू नये.

आता डबा लाथाडण्याविषयी. या खेळात लपलेल्या गड्याने संधी साधून डबा उडवला की पकडले गेलेले सगळे सुटतात आणि उडवणाऱ्याचा जयजयकार होतो. आपल्या मुलाने कडेला उभे राहून हे पाहिले आहे आणि खेळातली सर्वांत पराक्रमाची कृती कोणती हे त्याने अचूक हेरले आहे. फक्त तो त्या डावात नाही, हे त्याला उमगलेले नाही. डावात कसे शिरायचे, कोणावर राज्य आहे, आधी सुटावे लागते का, कोण कच्चा लिंबू आहे, हे सारे दोन-चार वाक्यांत, ओरडाआरड्यात ठरते, आणि त्या वाक्यांशी त्याची गाठ पडेपर्यंत मुले लपायला पळालेली असतात. अमेरिकेतील बॉनी ब्रिंटन आणि मार्टिन फुजिकी यांनी अशा मुलांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. चालू खेळात प्रवेश मिळवणे या मुलांना विशेष जड जाते, आणि शाळेच्या मैदानावर ती इतरांकडे पाहत, पण त्यांच्यात न जाता, घुटमळत राहतात, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले. खेळायची इच्छा नसलेले मूल आपल्या नादात रमलेले असते. घुटमळणाऱ्या मुलाची इच्छा शाबूत असते, अडचण फक्त आत शिरण्याची असते.

म्हणून शिकवायचे ते हे शिरणे. "मी पण येऊ का?" असे विचारायला आपण सगळेच शिकवतो, परंतु चालू खेळात या प्रश्नाला "नाही" हे उत्तर फार सहज मिळते. त्याऐवजी खेळाला उपयोगी पडणारे काही करत आत जाणे अधिक साधते. गाडीखाली गेलेला चेंडू काढून द्यावा, दूर फेकलेला डबा आणून द्यावा, नवा डाव सुरू होताना, म्हणजे सुटण्याच्या वेळी, हात पुढे करावा. यासाठी आपण घरी त्याच्याबरोबर तोच खेळ, त्याच शब्दांसह, आठवड्यातून काही वेळा खेळावा. "राज्य कोणावर?", "मी सुटलो", "टाइम प्लीज", "हा माझा भिडू" ही तयार वाक्ये जिभेवर बसली, की निदान सुरुवात करताना त्याला शब्द जुळवत बसावे लागणार नाही. एखाद्या समजूतदार मुलाला, शक्यतो वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या, घरी बोलावून दोघांचाच खेळ लावावा. दोघांत जमले की तिसरा घ्यावा. दहा मुलांच्या घोळक्यात पहिल्याच दिवशी सोडून "खेळ, शिकशील" म्हणणे निरुपयोगी ठरते.

कच्चा लिंबू म्हणून मुले त्याला घेत असतील, तर काही दिवस ते चालू द्यावे, कारण त्या सवलतीत खेळ आतून पाहायला मिळतो. मात्र सात वर्षांच्या मुलाला महिनोन्‌महिने कच्चा लिंबू ठेवले, तर इतर मुले त्याला खेळातला गडी मानणे सोडून देतात.

आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मला "घडलेली गोष्ट सलग सांगता येत नाही" ही वाटली. भांडण झाले की कोणी तरी काकू विचारतात, "काय झालं?" जो आधी आणि नीट सांगेल त्याची बाजू खरी ठरते. त्याला चिडवले गेले, त्याचा डाव हिरावला, मग त्याने ढकलले, हा क्रम आपल्या मुलाला मांडता येत नाही. तो "त्याने मला... मी नाही..." एवढ्यावर अडतो, आणि शेवटची कृती, म्हणजे ढकलणे, सर्वांनी पाहिलेली असते. हे वारंवार घडले की मूल सांगण्याचा नाद सोडते आणि थेट हात चालवते. अशा वेळी त्याला घरी आणून, शांत झाल्यावर, कागदावर काड्यांची माणसे काढून "आधी काय, मग काय" असे विचारत जावे. तीन-चार चौकटी पुरतात. सॉरी म्हणायची घाई करू नये. क्रम लागल्यानंतर कोणाचे काय चुकले हे त्यालाच दिसू लागते, आणि तेव्हाची माफी मनापासून असते.

राहिला शिस्तीचा प्रश्न. मारायचे नाही, हा नियम त्यालाही आहेच आणि त्यात सूट देऊ नये. पण तो त्याला पेलेल अशा वाक्यात सांगावा : "मारायचं नाही. 'थांब' म्हणायचं. मग आईकडे यायचं." रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी दाखवून दिले होते की लहान मुले स्वतःशी बोलत स्वतःला आवरतात, आणि तेच बोलणे पुढे मनातल्या मनात चालू राहते. ज्याची भाषा तोकडी आहे त्याचे हे आवरण्याचे साधनही तोकडे असते. म्हणून शिस्त आणि थेरपी यांत निवड करण्याची गरज नाही. छोट्या, त्याच त्या शब्दांतली शिस्त हा थेरपीचाच भाग आहे. सासूबाईंनाही एकदा थेरपिस्टकडे बरोबर न्यावे.

प्रश्न : आमची नात पाच वर्षांची असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सीनियर केजीला जाते. शाळेत ती एक शब्द बोलत नाही आणि डबा खातानाही एकटी बसते. घरी बोलते, पण थोडे. बाईंनी मुलाला आणि सुनेला सांगितले की घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला. आम्हा दोघांना इंग्रजी बेताचेच येते. आता आम्ही नातीशी बोलायचेच नाही की काय? — एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आपण बोलावे, भरपूर बोलावे, आणि मराठीतच बोलावे. दोन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही, आणि विकार असलाच तर एक भाषा काढून घेतल्याने तो बरा होत नाही. या बाबतीत जगभरातील संशोधन पुरेसे स्पष्ट आहे. घरात मराठी बंद केल्याने नातीचे आजी-आजोबांशी चालणारे बोलणे मात्र नक्की थांबेल, आणि ज्या मुलाला शाळेत बोलायला कोणी नाही त्याच्या बाबतीत ते नुकसान मोठे आहे. बाईंचा हेतू चांगला असेल, सल्ला चुकीचा आहे.

तिच्या गप्प राहण्याची कारणे मात्र वेगळी करून पाहावी लागतील. नव्या भाषेच्या शाळेत गेलेले मूल सुरुवातीचे काही महिने ऐकत राहते आणि बोलत नाही, हे स्वाभाविक आहे. काही मुले घरी मोकळेपणी आणि वयानुसार बोलतात, परंतु ठरावीक ठिकाणी त्यांच्या तोंडून शब्दच फुटत नाही. ती निवडक मूकता असू शकते आणि तिचे मूळ चिंतेत असते. तिसरी शक्यता भाषेच्याच अडचणीची. भाषेची अडचण असेल तर ती केवळ इंग्रजीत दिसत नाही, मराठीतही दिसते. म्हणून आपण घरी नीट ऐकावे. "आज शाळेत काय केलं?" या प्रश्नाला ती दोन-तीन वाक्ये जोडून सांगते का? "दादा आली", "मी पोळी खाल्ला", "टेबल वर" यासारखी रूपे क्वचित येतात की सतत? तुम्ही सांगितलेल्या गोष्टीतले "मग सशाने काय केलं?" तिला सांगता येते का? गोष्ट समजली नसेल तरी मुले मान डोलावतात, त्यामुळे मान डोलावणे जमेस धरू नये.

गप्प मुलीकडे लक्ष उशिरा जाते, कारण तिचा कोणाला त्रास नसतो. "किती गुणी आहे" म्हणून तिचे कौतुकच होते. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या परिसरात बालवाडीच्या वयाच्या सात हजारांहून अधिक मुलांची चाचणी घेऊन १९९७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ७.४ टक्के मुलांना असा भाषा विकार आढळला. मुलग्यांत हे प्रमाण ८ टक्के आणि मुलींत ६ टक्के होते, म्हणजे फरक फार नव्हता. विकार आढळलेल्या मुलांच्या पालकांपैकी अवघ्या २९ टक्के पालकांना त्याआधी कोणी तरी या अडचणीची कल्पना दिली होती. तेव्हा शांतपणावर समाधान मानू नका.

शाळेने तिला "बोल, बोल" म्हणून आग्रह करू नये. बोलण्यावाचून सामील होता येईल अशी कामे तिला द्यावीत. आपल्याकडे तर याची सोय आहेच. सोसायटीतल्या किंवा वाड्यातल्या गणपतीच्या आरतीत सर्वांचे शब्द तेच, चाल तीच, हातात टाळ. स्वतःचे वाक्य कोणालाच जुळवावे लागत नाही आणि तरी मूल दहा जणांत उभे असते. शेजारच्या एखाद्या मुलीबरोबर भातुकली मांडून दिली तर त्याचाही उपयोग होईल.

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवतो. माझ्या वर्गातील एका मुलाला काहीही विचारले तरी "हो सर" म्हणतो, पण सांगितलेले करत नाही. रागावलो की हसतो. इतर मुले त्याला खोड्या करायला पाठवतात आणि नेहमी तोच सापडतो. हा उद्धटपणा समजावा का? — एक शिक्षक, हडपसर

उत्तर : समजू नये. "हो सर" हे त्याच्यासाठी उत्तर नसून सुटका आहे. वर्गातल्या सूचना आपल्याला साध्या वाटतात, पण "ज्यांनी गृहपाठ केलेला नाही त्यांनी मधल्या सुट्टीआधी वही टेबलावर ठेवून फळ्यावर नाव लिहायचे आहे" या एका वाक्यात चार-पाच गोष्टी गुंफलेल्या आहेत, आणि त्याला त्यातले बहुधा "नाव लिहा" एवढेच हाती लागते. त्याला जवळ बोलावून एका वेळी एक सूचना द्यावी आणि "समजलं का?" न विचारता "काय करायचं ते मला सांग" असे म्हणावे. उत्तरासाठी मनात दहा अंक मोजण्याइतके थांबावे. वर्गात तेवढी शांतता फार लांब वाटते, तरी थांबावे.

हसण्याविषयी एक सांगतो. पुण्यात तिरकस बोलणे ही जवळजवळ शिष्टाचाराची भाषा आहे. उशिरा आलेल्या मुलाला आपण "या, या, फार लवकर आलात, बसा" म्हणतो. शब्दांचा सरळ अर्थ घेणारे मूल हसून बसते आणि सगळा वर्ग खिदळतो; त्याला वाटते आपणही विनोदात सामील आहोत. रागाचा आवाज, चेहरा आणि शब्द यांचा मेळ घालणे त्याला जमत नाही. तसेच, कोणती भावना कोठे झाकावी हेही या मुलांना उशिरा कळते. न आवडलेल्या भेटीबद्दलची नाराजी देणाऱ्यासमोर लपवावी, असे भाषेची अडचण असलेली मुले इतरांपेक्षा कमी वेळा सुचवतात, असे ब्रिंटन आणि फुजिकी यांच्या अभ्यासात आढळले होते. या मुलाशी निदान आपण तरी सरळ बोलावे : "मी रागावलो आहे. कारण तू वही फाडलीस."

त्याला खोड्या करायला पाठवतात, ही बाब मात्र मी गंभीर मानतो. त्यात छळाची सुरुवात असते. मँचेस्टर येथील जीना कॉन्टी-रॅम्सडेन आणि निकोला बॉटिंग यांनी इंग्लंडमधील भाषा विकार असलेल्या मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा केला, तेव्हा अकराव्या वर्षी त्यांतील ३६ टक्के मुले नियमित छळाच्या धोक्यात असल्याचे दिसले; इतर मुलांत हे प्रमाण १२ टक्के होते. त्याला कोणी पाठवले हे त्याच्याकडून वदवून घेण्यात वेळ दवडू नये, कारण नेमके तेच त्याला सांगता येत नाही. मधल्या सुट्टीत आपण स्वतः लांबून पाहावे.

जमेची बाजूही आहे. याच मँचेस्टरच्या अभ्यासात पुढे असे दिसले की इतरांना मदत करण्याची, आपले वाटून देण्याची वृत्ती या मुलांत मोठेपणीही टिकून राहते. आपल्या विद्यार्थ्याला पोषण आहाराची खिचडी वाढायला, वह्या वाटायला, लहान वर्गातल्या मुलांना रांगेत न्यायला द्यावे. जोडीला बसवायचे असेल तर पहिल्या नंबरचा विद्यार्थी नको, मायाळू विद्यार्थी हवा.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला लहानपणापासून भाषेची अडचण असून उपचार चालू आहेत. तिला एकच मैत्रीण आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती काहीच लिहीत नाही. ही स्वमग्नता तर नाही ना? — एक वडील, कोथरूड

उत्तर : मैत्रिणींच्या संख्येवरून स्वमग्नता ठरत नाही. स्वमग्नतेत सामाजिक देवाणघेवाणीच्या अडचणीबरोबरच, लहानपणापासून, ठरावीक गोष्टींचा अतिशय आग्रह, त्याच त्या हालचाली किंवा आवाज-स्पर्श यांविषयीची वेगळी संवेदना अशी लक्षणे असतात. ती नसतील आणि बोलण्याचा प्रसंगानुरूप वापर तेवढा अवघड जात असेल, तर त्यासाठी २०१३ पासून मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात सामाजिक संप्रेषण विकार असे वेगळे निदान आहे. शंका असल्यास विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून एकदा खात्री करून घ्यावी.

एक मैत्रीण असणे ही कमी गोष्ट नाही, तिला जपावे. केव्हिन डर्किन आणि कॉन्टी-रॅम्सडेन यांनी २००७ मध्ये सोळा वर्षांच्या मुलांविषयी जे लिहिले, त्यानुसार भाषा विकार असलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलांची मैत्री चांगल्या दर्जाची होती. ग्रुपवर तिने लिहिलेच पाहिजे असे नाही. तेथे विनोद आणि टोमणे इतक्या वेगाने धावतात की मोठ्यांचीही दमछाक होते. ज्या गोष्टींत बोलण्यापेक्षा हातापायांना काम आहे, त्या तिच्यासाठी शोधाव्यात : पोहणे, टेकडीवर जाणारा गट, चित्रकला, पुढे वय झाल्यावर ढोल-ताशा पथक. पथकात इशाऱ्यावर आणि ठेक्यावर सगळे चालते आणि सरावाच्या महिन्या-दोन महिन्यांत ओळखी आपोआप होतात. कानांत इअरप्लग मात्र घालायलाच हवेत.

प्रश्न : साडेतीन वर्षांच्या मुलासाठी नेमके कोणाकडे जावे, आणि शाळेत सवलतीसाठी प्रमाणपत्र मिळते का? — एक आई, चिंचवड

उत्तर : सर्वांत आधी श्रवण तपासणी. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णात पाणी साचून ऐकणे कमी-जास्त होत राहते, आणि हाक मारल्यावर वळून पाहणारे मूलही बोलण्यातले बारकावे गमावत असते. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या वाचा-भाषातज्ज्ञांकडे जावे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. पुण्यात भारती विद्यापीठाचे वाचा व श्रवणशास्त्राचे महाविद्यालय आहे आणि केईएम रुग्णालयाचे बालविकास केंद्रही आहे. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. तिच्या यादीत भाषाविकासातील विलंबाचा समावेश असून पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारावे की उपचारात दुसऱ्या मुलांबरोबरचा खेळ केव्हा आणि कसा आणणार. बंद खोलीत चित्रे ओळखणारे मूल मैदानावर तेच शब्द वापरेल, असे गृहीत धरता येत नाही.

प्रमाणपत्राचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, परंतु त्याची व्याख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या कायमच्या दोषाची आहे. त्यामुळे कारण न सापडणारा भाषा विकार त्यात सहज बसत नाही, आणि पुष्कळ मुले पुढे वाचन-लेखनात अडू लागल्यावर अध्ययन अक्षमतेच्या वाटेने सवलतींपर्यंत पोहोचतात. व्याख्येतली ही त्रुटी दूर व्हायला हवी, असे माझे मत आहे. तोपर्यंत थेरपिस्टकडून एक पानी टिपण लिहून घ्यावे. मुलाला काय समजते, काय समजत नाही, चिडला की काय करावे आणि कोणत्या मुलांबरोबर त्याचे जमते, एवढे त्यात असले की पुरे. दर वर्षी वर्गशिक्षक बदलले की पहिल्याच आठवड्यात ते टिपण स्वतः नेऊन द्यावे.